पुलावर पाणी आलंय: नवशिक्या वाहतूक नियंत्रकासाठी हस्तपुस्तिका

ही पुस्तिका पोलिसांसाठी नाही. त्यांच्याकडे गणवेश असतो, दंड करायचं यंत्र असतं आणि पाठीशी अख्खं खातं असतं. ही पुस्तिका तुमच्यासाठी आहे. तुम्ही म्हणजे कोण, तर जुलैच्या एखाद्या संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पावसाच्या आडोशाला उभा असलेला तो इसम, ज्याच्याकडे बोट करून पोलीस पाटील म्हणाले, "तू जरा पुलापाशी थांब रं, कुणाला सोडू नको." कोल्हापूर जिल्ह्यात वाहतूक नियंत्रकांची भरती अशी दरवर्षी होते. अर्ज नाही, मुलाखत नाही, मानधन नाही. शैक्षणिक पात्रता एवढीच, की त्या क्षणी तुम्ही समोर दिसलात.

कामाचं क्षेत्र

जिल्ह्याच्या पश्चिमेला गगनबावडा. तिथे जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस पडतो. तो कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशा वाटांनी येत येत प्रयाग चिखलीपर्यंत पंचगंगा होतो. वाटेत कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरल्यावर त्यांच्यात बरगे, म्हणजे फळ्या, घालून पाणी अडवायचं आणि पावसाळ्यापूर्वी ते काढून घ्यायचे, ही त्यांची मूळ कामगिरी. पण बंधारा दोन काठांना जोडतो म्हटल्यावर त्यावरून रस्ता जाणारच. त्यामुळे पावसाळ्यात 'अमुक बंधारे पाण्याखाली' ही बातमी शेतीची नसून वाहतुकीची असते, हे आधी ध्यानात घ्या.

नवशिक्याने दोन आकडे पाठ करावेत. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, त्यामुळे तुम्हाला ठाऊक नसेल तर पहिल्या तासातच तुमची पत जाईल. हवामान खात्याचे रंगही शिकून घ्या: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तर खातं त्याला अत्यंत मुसळधार म्हणतं. गावात त्याला 'बरा लागलाय' म्हणतात.

राधानगरीचं धरण मात्र कुणाच्या रंगाची वाट बघत नाही. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते आपसूक उघडतात, आणि एकेका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येतं. तुमच्या गावात पाऊस थांबून ऊन पडलेलं असतं, लोक म्हणत असतात 'उघडीप झाली, आता काढा की ते आडवे बांबू', आणि पाणी तिकडून निघालेलं असतं. तुमच्या डोक्यावरच्या आभाळाचा आणि तुमच्या पायाशी आलेल्या पाण्याचा संबंध असेलच असं नाही. हे वाक्य लोकांना समजावत बसू नका. नुसतं 'दोन दरवाजे उघडल्यात' म्हणा, पुरे होतं.

अधिकार

नाही.

थोडं सविस्तर सांगायचं तर, आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ याच्या ३४व्या कलमाने बाधित भागातली वाहनांची ये-जा रोखायचा अधिकार जिल्हा प्राधिकरणाला दिला आहे. म्हणजे रस्ता बंद करायचा अधिकार तुमचा नाही. बंद केलेला रस्ता बंद ठेवायचं काम तुमचं. यातला फरक पहिल्या मोटारसायकलवाल्यापर्यंत कळून येईल. आदेश निघण्याआधीच पाणी आलं तर ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ फिरवा, पोलीस पाटलांना कळवा, आणि आदेश येईपर्यंत आडवे उभे राहा. आडवं उभं राहायला कलम लागत नाही.

साहित्य

एक शिट्टी. एक काठी. एक बॅटरी, म्हणजे टॉर्च, जिचे सेल गेल्या वर्षीचे नाहीत. लाल फडकं. दोर. बॅरिकेडसाठी बांबू, ते तरुण मंडळाच्या मांडवाचे आहेत, तेव्हा मोजून घ्या.

अंगावर काय घालायचं याला जरा महत्त्व आहे. बाजारात मिळणारे बहुतेक रेनकोट काळे किंवा गडद निळे असतात, कारण त्यांच्यावर चिखल दिसत नाही. तुम्हीही दिसत नाही. रात्री, पावसात, काळ्या डांबरी रस्त्यावर काळा रेनकोट घालून ट्रकसमोर हात करणं हा आत्महत्येचा सगळ्यात सार्वजनिक प्रकार आहे. चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट मिळालं तर उत्तम. न मिळाल्यास युरियाच्या पांढऱ्या पोत्याची खोळ करून डोक्यावरून घ्या. रुबाब जाईल, पण ड्रायव्हरला लांबून काहीतरी पांढरं हलताना दिसेल, आणि गाडी हळू करायला तेवढं बास आहे.

उभं कुठे राहायचं

नवशिक्या पाण्यापाशी जाऊन उभा राहतो. तिथेच सगळं बघायला मिळतं, शिवाय फोटोही चांगला येतो. पण ती जागा चूक आहे.

हिशोब बघा. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर सरकते. तुम्ही दिसल्यावर ड्रायव्हरला 'हे काय मध्येच' असं वाटून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, म्हणजे २५ मीटर संपले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबेल, ओल्या रस्त्यावर ३५ लागतील, आणि टायर गुळगुळीत असतील तर तुमच्या नशिबावर. पाण्याच्या काठावर उभं राहिलात तर थांबायचा विचार करायलाही त्या गाडीला जागा उरत नाही.

म्हणून बांबू आडवे टाकायचे ते अलीकडे, शेवटच्या फाट्यावर, जिथून ट्रकसुद्धा वळून माघारी जाऊ शकेल. वळायला जागा नसलेल्या ठिकाणी ट्रक अडवला, की त्यामागे दुसरा येतो, त्यामागे एसटी, मग वडापची जीप, आणि अर्ध्या तासात रस्ता पाण्याने नव्हे तर तुमच्यामुळे बंद झालेला असतो. माणूस माघारी फिरतो तो पटलं म्हणून नाही, वळता आलं म्हणून.

तुम्ही स्वतः बॅरिकेडच्या मागे, डाव्या कडेला, गाड्यांकडे तोंड करून उभे राहा. रस्त्याच्या मधोमध नाही. आणि कितीही मोह झाला तरी गाड्यांकडे पाठ करून पाणी बघत बसू नका. पाणी वाढतंय का हे कळण्यासाठी काठावर एक काठी रोवून तिला चुन्याची खूण करा आणि जोडीदाराला नजर ठेवायला सांगा. ती खूण बुडाली तर आधी आपल्या मागचा रस्ता कोरडा आहे का ते बघा. दुसऱ्यांना अडवता अडवता स्वतःच बेटावर राहिलेले नियंत्रक एखाद-दुसरे प्रत्येक गावात सापडतात.

पाणी ओळखणं

पाणी दोन जातीचं. एक फुगवट्याचं. मोठी नदी भरली की ओढ्याचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं आणि शेतातून चोरपावलांनी रस्त्यावर येतं. ते शांत दिसतं. दुसरं ओढीचं. ते पुलावरून आडवं वाहतं, त्यावर काटक्या, फेस, कुणाची तरी चप्पल पळत असते. लोक दुसऱ्याला थोडं तरी भितात आणि पहिल्यात बिनधास्त घुसतात. फुगवट्याच्या पाण्याखाली साइडपट्टी कुठे संपली आणि ऊस कुठे सुरू झाला हे देवालाही सांगता यायचं नाही.

ओढीच्या पाण्याचे तीन आकडे जगभर सांगितले जातात: वेगाने वाहणारं १५ सेंटिमीटर पाणी उभा माणूस पाडतं, ३० सेंटिमीटर छोटी मोटार उचलतं, ६० सेंटिमीटर बहुतेक सगळी वाहनं. हे ऐकून समोरचा हसतो. 'गुडघाभर पण न्हाई की!' तेव्हा त्याला पुढचं गणित घाला. छोटी मोटार साडेतीन मीटर लांब, दीड मीटर रुंद. म्हणजे तिचा तळ झाला सव्वापाच चौरस मीटर. तळ पाण्यात दहा सेंटिमीटर बुडाला की सुमारे सव्वापाचशे लिटर पाणी बाजूला सरलं, आणि तेवढ्याच किलोंनी मोटार हलकी झाली. मोटारीचं वजन आठ-साडेआठशे किलो. अजून सहा-सात सेंटिमीटर, की चाकं जमिनीवर नुसती टेकलेली. मग तिला वाहून न्यायला पुराची गरज नाही, जरा जोरकस ओढाही चालतो. गणित ऐकल्यावर शंभरातले काही जण वळतील. बाकीच्यांसाठी पुढचा भाग.

गिऱ्हाइकं

या कामाचा हा सगळ्यात मोठा भाग आहे. पाण्याला समजवावं लागत नाही, माणसांना लागतं.

पहिला येतो तो स्थानिक. मोटारसायकल, मागे बायको, मध्ये पोरगं, हँडलला बाजाराची पिशवी. त्याचं म्हणणं एकच: "आम्ही हितलंच हाय." त्याला वाटतं हा त्याचा परवाना आहे. तुमच्या दृष्टीने तो आजाराचं लक्षण आहे. बाहेरच्याला रस्ता माहीत नसतो, म्हणून तो घाबरून थांबतो. याला रस्ता पाठ आहे, पण तो गेल्या उन्हाळ्यातला. मोरीच्या कडेचा भराव काल रात्री वाहून गेला ते त्याच्या पाठांतरात नाही. त्याच्याशी वाद घालू नका, बायकोशी बोला. "वहिनी, तुम्ही आणि बाळ हितं उतरा, त्यांना जाऊ द्या." पुढचं वहिनी बघतात.

मोठ्या गाडीवाला काच चार बोटं खाली करतो. पाऊस आत येऊ नये म्हणून नाही, तुम्ही येऊ नये म्हणून. "फोर बाय फोर हाय." चांगलं आहे. चारही चाकांना जोर मिळतो, पण तो चाक जमिनीला टेकलेलं असेल तर. तरंगत्या गाडीची चार चाकं पाण्यात फिरली काय आणि दोन फिरली काय. शिवाय त्याला सांगा, की इंजिनात हवेच्या वाटेने पाणी शिरलं की दट्ट्याला ते दाबता येत नाही, हवा दबते, पाणी दबत नाही, मग आतला दांडा वाकतो. आणि बंद पडलेली गाडी 'एकदा मारून बघू' म्हणून पुन्हा चालू केली की उरलंसुरलं इंजिनही जातं. गॅरेजचं बिल ऐकून जेवढी माणसं माघारी फिरली आहेत तेवढी मरणाच्या भीतीने फिरलेली नाहीत.

साहेबांचा माणूस. हा स्वतः काही बोलत नाही. फोन लावतो, दोन शब्द कुजबुजतो आणि तुमच्यापुढे धरतो. "घ्या. बोला." फोन घ्यायचा नाही. घेतलात की हरलात, कारण पलीकडचा आवाज कोरड्या खोलीत बसलेला असतो आणि कोरड्या खोलीतून सगळेच पूल दणकट दिसतात. म्हणूनच साहित्याच्या यादीत शिट्टी आणि बॅटरी दोन्ही आहेत. दोन्ही हात गुंतलेले ठेवा. तरी त्याने फोन कानाला लावलाच, तर शिट्टी वाजवा.

दुधाचा टेम्पो. याची चेष्टा करू नका. दूध थांबत नाही, म्हशीला पूर कळत नाही, आणि कॅनमधलं दूध तासांच्या हिशोबाने नासतं. त्याची घाई खरी आहे. तो अडवून घेण्यापूर्वीच दूध संस्थेच्या सेक्रेटरीला फोन करून रस्ता बंद असल्याचं सांगायचं, म्हणजे टेम्पो तिकडूनच दुसऱ्या वाटेने निघेल. बॅरिकेडपाशी आलेल्या टेम्पोला अडवणं म्हणजे तुम्ही फोन करायला विसरलात.

एसटी ही तुमची सर्वांत मोठी दोस्त. चालकाला आगारात उत्तर द्यायचं असतं, त्यामुळे पुलावर पाणी म्हटल्यावर तो सहसा हट्ट धरत नाही, आणि लाल गाडी थांबलेली दिसली की मागच्यांचा निम्मा आवाज खाली येतो. धोका गाडीचा नाही, प्रवाशांचा आहे. ते उतरतात, पायजमे वर करतात आणि एकमेकांचे हात धरून पलीकडे निघतात. १५ सेंटिमीटरचा आकडा त्यांच्यासाठी राखून ठेवलेला असतो.

पर्यटक गोव्याला किंवा मालवणला चाललेले असतात आणि फोनवरच्या नकाशाने त्यांना इकडे आणलेलं असतं. नकाशात निळी रेघ सरळ पुलावरून जाते. ते उद्धट नसतात, फक्त खचलेले असतात. त्यांना 'रस्ता बंद' सांगून भागत नाही, कुठला चालू ते सांगावं लागतं. म्हणून करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबा, आंबोली या घाटांची आजची हालत सकाळीच विचारून ठेवा. मांडुकलीला पाणी असेल तर गगनबावड्याकडे पाठवायचं नाही, केर्लीला असेल तर रत्नागिरी रस्त्याला नाही. आणि जे नक्की माहीत नाही तिकडे 'जाऊन बघा' म्हणून कुणाला धाडायचं नाही. पोरंबाळं घेऊन रात्री घाटातून परत आलेला माणूस तुमच्याकडेच येतो, आणि तेव्हा तो उद्धट असतो.

ट्रॅक्टरवाल्यावर मात्र जास्तीत जास्त लक्ष ठेवा, कारण तो जातो. बाकीचे अडकतात, वाहतात, बंद पडतात. ट्रॅक्टर उंच चाकांवर फटफटत पलीकडे निघून जातो, वरून हात हलवतो. तो गेल्याने त्याचं काही बिघडत नाही, तुमचं बिघडतं. इतका वेळ गुमान उभ्या असलेल्या वीस जणांनी ते बघितलेलं असतं. "त्याला सोडलं, मग आम्हाला का न्हाई?" या प्रश्नाला उत्तर नाही. मोठ्या चाकाचा व्यास आणि सायलेन्सरची उंची समजावून सांगेपर्यंत दोन मोटारसायकली पाण्यात असतात. परत येताना तोच ट्रॅक्टर ट्रॉलीत माणसं भरून आणतो. ट्रॉलीला इंजिन नाही, वजन कमी, ओढीच्या पाण्यात ती बाजूला सरकते आणि ट्रॅक्टरला आपल्यामागे खेचते. तेव्हा नियम असा, की ज्याला जमेल त्यालाही सोडायचं नाही. हा अन्याय आहे. तो करायचा.

शेवटी येतात नातेवाईक. खरी परीक्षा इथे. पोलिसाला हा प्रसंग येऊ नये म्हणून सरकार त्याची बदली करतं. तुमची बदली कुठे करणार?

"काय रं, मला अडिवतोस व्हय?"

"मामा, मामींनी सांगितलंय, सोडू नको म्हणून."

"तिला कुणी सांगितलं मी निघालोय ते?"

"आत्ता सांगतो की. लावू फोन?"

नीट बघितलंत तर कळेल, की तुमच्याकडे दंडाचं पुस्तक नाही पण गावातल्या प्रत्येकाची मामी, आई, सासरा आणि सोसायटीचं कर्ज तुम्हाला तोंडपाठ आहे. मोटार वाहन कायद्यात इतकी कलमं नाहीत. ती वापरा, लाजू नका. पाव्हण्याला एकदा सोडलंत तर पुढची दहा वर्षं तुम्ही 'चांगला पोरगा' असाल आणि पुढच्या दहा मिनिटांत रस्ता जत्रेचा झालेला असेल.

खुणा

एक हात डोक्याच्या वर सरळ, तळवा पुढे: समोरचा थांब. आडवा हात: मागचा थांब. हे शाळेत आर.एस.पी.मध्ये, म्हणजे रोड सेफ्टी पेट्रोलमध्ये, शिकवलं होतं. त्यावेळी तुम्ही पांढरे हातमोजे मिळतात म्हणून गेला होता, पण अंगात राहिलं असेल. रात्री हात दिसत नाही. बॅटरी जमिनीकडे कलती धरून डावी-उजवीकडे हलवा, ड्रायव्हरच्या डोळ्यांत मारू नका. आंधळा झालेला माणूस ब्रेक मारतो की ॲक्सिलरेटर, हे तपासून बघायची ही जागा नव्हे.

चारही इंडिकेटर लावून पावसात पळणाऱ्या गाड्या तुमच्याकडे येतील. ते दिवे गाडी बंद पडल्यावर लावायचे असतात. चालत्या गाडीने लावले, की ती वळणार आहे, थांबणार आहे की नुसतीच घाबरली आहे, हे मागच्याला कळत नाही. तुम्हालाही कळणार नाही, म्हणून प्रत्येक लुकलुकणाऱ्या गाडीला ती थांबणार नाही असं समजूनच हात करा.

रुग्णवाहिका

रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास दहा हजार रुपये दंड आहे, त्यामुळे सायरन ऐकला की सगळे बांबू बाजूला ओढायला धावतात. इथे थांबा. पाण्यात बंद पडलेल्या रुग्णवाहिकेतल्या रोग्याला दोन आजार होतात. रोगी खरा असला तरी पाणी खोटं होत नाही. १०८ला कळवून पलीकडच्या काठावर दुसरी गाडी बोलावणं, मधलं अंतर बचाव पथकाच्या बोटीने कापणं, नाहीतर लांबच्या वाटेने जाणं, यातलं काय ते नियंत्रण कक्षाला ठरवू द्या, आणि ठरेपर्यंत तिला वळायला मोकळी जागा करून ठेवा. बॅरिकेडच्या अलीकडे रस्त्याची एक बाजू कायम रिकामी राखायची असते ती यासाठीच. ती बाजू दिसली की लोक तिथे मोटारी लावून पूर बघायला जातात.

बघे

पूर बघायला जाणं हा कोल्हापूरकरांचा कौटुंबिक कार्यक्रम आहे. मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी पुलाच्या खुणेला लागलं का, आणि कुठवर आलं, याची चौकशी करत सगळं घर बाहेर पडतं, आजीसकट. नदीकाठी भाजलेली कणसं मिळतात. नृसिंहवाडीला तर कृष्णेचं पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिण दरवाज्यातून बाहेर पडू लागलं की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि स्नानासाठी गर्दी लोटते. म्हणजे ज्या दिवशी सगळ्यांना नदीपासून लांब ठेवायचं त्याच दिवशी सगळ्यांना नदीकडे यायचं असतं. यावर मला उपाय सापडलेला नाही. बघ्यांना निदान पुलाच्या कठड्यापासून मागे आणि रस्त्याच्या एकाच बाजूला ठेवा. त्यातल्या दोन बोलघेवड्यांना तुमच्या हाताखाली घेतलं तर फार बरं. माणसाच्या गळ्यात शिट्टी अडकवली की तो लगेच नियमांचा कैवारी होतो.

घाटात नेमणूक झाल्यास

तिकडे पाण्याऐवजी धुकं. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीचा मान पहिला, उतरणाऱ्याने थांबायचं. हा नियम सगळ्यांना पाठ आहे आणि प्रत्येकाच्या मते आपण चढणारेच असतो. धुक्यात हेडलाइट वर केला की समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून दिवे खाली ठेवायला लावा. दरड पडली असेल तर तिच्या खाली कुणाला फोटो काढू देऊ नका. एक दगड आला तिथे दुसरा येतो.

महामार्ग

ऑगस्ट २०१९मध्ये शिरोलीपाशी पुणे–बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि रस्ता जवळपास आठवडाभर बंद राहिला. पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. जुलै २०२१मध्ये पुन्हा तेच. एवढ्या मोठ्या कामात तुमच्यासारख्याला काय करायचं होतं, तर रांगेत अडकलेल्या ट्रकवाल्यांना जेवण पोचवायचं. आसपासच्या लोकांनी ते केलं. वाहतूक नियंत्रणाच्या पुस्तकांत भाकरी-आमटीचा धडा नसतो. भुकेला ड्रायव्हर वाट वाकडी करून कुठूनतरी घुसायला बघतो आणि जेवलेला केबिनमध्ये झोपतो, हे ज्याला कळलं त्याला पुस्तकाची गरज नाही. पाणी उतरायला लागल्यावर तिथे आधी अत्यावश्यक मालाचे टँकर आणि ट्रक सोडले, छोट्या मोटारी नंतर. छोट्या मोटारवाल्यांनी त्याबद्दल बरंच काही म्हटलं.

रात्रपाळी

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि आणखी काही वाहनं नदीत गेली. अंधारात, पावसात, पूल आहे की नाही हे चालत्या गाडीतून दिसत नव्हतं. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका माणसाच्या ते ध्यानात आलं, आणि त्याने येणाऱ्या गाड्या थांबवायला सुरुवात केली. त्याच्याकडे ना आदेश होता ना बांबू. त्या रात्री ज्या गाड्या थांबल्या, त्यांतल्या ड्रायव्हरांनीही आधी काच खाली करून 'काय झालं बे' असंच विचारलं असणार.

रात्रपाळीबद्दल या पुस्तिकेत विनोद नाही. रात्री दोघं असल्याशिवाय उभं राहू नका, पाणी दिसत नसेल तर ते आहे असं समजा, आणि पूल दिसत नसेल तर तो नाही असं.

पाणी ओसरल्यावर

पाणी उतरलं म्हणजे रस्ता उघडला असं नाही. वर गाळ असतो, साबणासारखा. खाली भराव पोखरलेला असतो आणि वरून डांबर जसंच्या तसं दिसतं. पहिला ट्रक गेल्यावर ते खाली बसतं. बांधकाम खात्याचा माणूस येऊन बघेपर्यंत आणि तहसीलमधून निरोप येईपर्यंत बांबू काढायचे नाहीत. हे तास सगळ्यात जड. पूर होता तेव्हा लोक तुम्हाला शिव्या देत होते, पण निदान पाण्याकडे बघून. आता कोरड्या रस्त्यावर उभं राहून अडवणारा तुम्ही शुद्ध वेडा दिसता.

रस्ता सुरू झाल्यावर पहिला जाणारा गाडी हळू करून म्हणेल, "एवढं काय नव्हतं, उगं थांबिवलंस." त्याला हो म्हणा. काही झालं नाही याचा पुरावा देता येत नाही, आणि देत बसलात तर मागे रांग लागेल.

मग काठी उपटा, दोर गुंडाळा, चिखल धुऊन बांबू मोजून मंडळाच्या खोलीत परत ठेवा. एखादा कमी भरला तर खजिनदार विचारतो, आणि त्याला पूर चालत नाही. थोड्याच दिवसांत गणपती येतात. तेच बांबू त्याच रस्त्यावर पुन्हा आडवे पडतील, मांडव अर्धा रस्ता अडवून उभा राहील. तेव्हा तुम्हाला शिट्टी लागणार नाही. ट्रॅक्टरवाला आपणहून गिअर टाकून मागे वळेल, मोठ्या गाडीची काच पूर्ण खाली होईल, साहेबांचा माणूस फोन खिशात ठेवून पावतीपुस्तक मागेल, आणि मामा लांबच्या वाटेने जाताना विचारतील, "यंदा मांडव जरा पुढं घेतलासा न्हाई?"